दोन आय.सी., एक स्पीकर

बी.ए.च्या विद्यार्थ्याने ॲम्प्लिफायरवर लिहावे याचे काही प्राध्यापकांना नवल वाटेल. पण गेल्या हरिनाम सप्ताहात गावच्या भजनी मंडळासमोर माझी जी फजिती झाली, तिचे कारण समजल्यावर ते इतरांना सांगावेसे वाटले.

टीडीए २०३० या पाच पायांच्या आय.सी.चे किट पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. अधिक-उणे १४ व्होल्टवर ते ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे ९ वॅट देते. खोलीत एवढे पुष्कळ, पण मंडपात पुरत नाही. म्हणून दोन किटांचा ‘ब्रिज’ करतात.

ताक घुसळताना पाहा. एक हात दोरी ओढतो तेव्हा दुसरा तितकाच पुढे जातो. नेहमीच्या जोडणीत स्पीकरची एक तार ग्राउंडला बांधलेली असते, म्हणजे काम एकाच हाताचे. ब्रिजमध्ये त्या तारेलाही दुसरा आय.सी. लावतात. पहिला वर गेला की दुसरा तेवढाच खाली. स्पीकरवर दाब दुप्पट पडतो, आणि शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हिशेबाने ती चौपट व्हावी. प्रत्यक्षात २८ वॅटच मिळतात. कारण प्रवाहही दुप्पट होतो, प्रत्येक आय.सी.ला ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमचा भासतो, आणि त्या भाराखाली त्याचा स्वतःचा तोटा वाढतो.

दुसऱ्या किटचा १ क्रमांकाचा पाय ग्राउंडला न्यावा. पहिल्याच्या आउटपुटवरून २२ किलोओहमचा रेझिस्टर दुसऱ्याच्या २ क्रमांकाच्या पायाला द्यावा; फीडबॅकचा रेझिस्टरही तेवढाच हवा. तिथला ६८० ओहमचा रेझिस्टर व त्याचा कपॅसिटर मात्र काढू नये, नाहीतर आय.सी. आपणहून शिट्टी घालू लागतो. आय.सी.ची पाठ उणे दाबावर असते, तेव्हा हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रक हवे. स्पीकरची कोणतीही तार पेटीच्या पत्र्याला लागू देऊ नये. जुन्या सवयीने ती लावाल, तर एक आय.सी. थेट शॉर्ट होईल.

एवढे सगळे मी बिनचूक केले आणि मंडळाचा स्पीकर लावला. तो होता ४ ओहमचा! प्रत्येक आय.सी.च्या वाट्याला २ ओहम आले. तिसऱ्या अभंगाला आवाज गेला, थोड्या वेळाने आपोआप आला, पुन्हा गेला. तापला की स्वतःच बंद होण्याची सोय आय.सी.तच असते, म्हणून ते जळाले नाहीत. वडील टाळकऱ्यांत उभे होते. त्यांनी टाळ थांबवला नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही.

रात्री शेजारच्या आळीतून तसाच दुसरा स्पीकर आणून दोन्ही एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले. झाले ८ ओहम. पहाटे काकड्याला आवाज शेवटपर्यंत टिकला. हीटसिंकला मात्र हात लाववत नव्हता. तो आणखी मोठा घ्यायला हवा होता.