न छापलेल्या पैशाचे कारकून

नाशिकरोडला नोटांचा छापखाना 1928 साली सुरू झाला. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. आमची मागची पिढी याच प्रेसमध्ये खपली. मी जो पैसा हाताळतो तो छापलाच जात नाही. एका जागतिक वित्त-तंत्रज्ञान कंपनीत मी नोकरीला आहे. तिथले काम काय असते आणि आपल्या मुलांच्या वाट्याला तिथे काय येते, हे समाजाने समजून घेतले पाहिजे.

लंडनच्या दुकानात कोणी कार्ड टेकवले की दुकानदाराच्या बँकेकडून निरोप निघतो, कार्डाच्या जाळ्यातून गिऱ्हाइकाच्या बँकेपर्यंत जातो, आणि शिल्लक पाहून दिलेला होकार आल्या वाटेने परततो. हे सारे काही सेकंदांत. पण त्या क्षणी पैसा हललेला नसतो; हललेला असतो तो फक्त शब्द. बँकांमधला हिशेब मागाहून, बहुधा एकदोन दिवसांनी चुकता होतो. मधल्या काळात कुठे रक्कम दोनदा लागते, कुठे अडकते. दोन्हीकडच्या नोंदी ताडून हा फरक शोधणे, हे माझे काम. पेढीवरच्या मुनिमाचेच म्हणा ना! ती वही आपल्या आजोबांच्या हाती कधी दिली गेली नाही. त्यांचा अंगठा तेवढा तिच्यावर उमटला. आज ती वही आपण लिहितो. दिवस विलायतेच्या घड्याळाने चालतो, दुपारी सुरू होऊन रात्री अकराला संपतो. पगार चांगला आहे. त्यावर घर झाले, बहिणीचे शिक्षण झाले. हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र प्रेसची नोकरी आणि ही नोकरी यांत मूलभूत भेद आहे. सरकारी नोकरीला जाहिरात असते, परीक्षा असते, बिंदुनामावली असते. राज्यघटनेच्या कलम 16(4) चा तिला आधार आहे. खाजगी कंपनीला हे बंधन नाही. तिथल्या बऱ्याच जागा आतल्या माणसांच्या शिफारशीने भरतात. शिफारस करणाऱ्याला बक्षीसही मिळते. माणूस शिफारस कोणाची करणार? आपल्या वर्गमित्राची, आपल्या शेजाऱ्याची. ज्यांची माणसे आधीच आत आहेत, त्यांचीच आणखी येतात. यात जातीचा उच्चार कोणी करीत नाही, कारण तशी गरजच पडत नाही. 1930 च्या काळाराम सत्याग्रहात बंद दार डोळ्यांना दिसत होते. हे दार दिसत नाही.

आत गेल्यावरही विचारणा होते ती आडवळणाने: आडनाव, मूळ गाव, प्रवेश-परीक्षेतला क्रमांक. माझ्या कंपनीच्या आचारसंहितेत वंश, वर्ण, लिंग, धर्म यांवरून भेदभाव करू नये असे लिहिले आहे. ‘जात’ हा शब्द त्यात नाही. मग तक्रार कोणत्या रकान्यात लिहावी? हिशेबात न नोंदवलेला फरक मिटत नाही, तो पुढच्या दिवसात ओढला जातो. अमेरिकेतील सिएटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या भेदभावविरोधी कायद्यात जात समाविष्ट केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसे विधेयक अनावश्यक ठरवून परत पाठवले. म्हणजे हा वाद आता कंपन्यांच्या मायदेशीच उभा आहे.

तेव्हा मागण्या दोन: प्रत्येक जागेची उघड जाहिरात व्हावी, आणि आचारसंहितेत ‘जात’ हा शब्द यावा. आणि आपल्यापैकी जे आत पोहोचले आहेत, त्यांनी आपल्या वस्तीतल्या मुलांना अर्ज कसा करायचा, मुलाखतीत काय विचारतात, हे बसून शिकवावे आणि त्यांची शिफारस करावी. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.