शेवटच्या विमानाचं दार उघडेपर्यंत

जर्मनीतल्या ब्रेमेनहून सकाळी साडेसहाला निघायचं, पॅरिसला विमान बदलायचं, ब्राझीलच्या साओ पावलोला पुन्हा बदलायचं आणि त्याच रात्री साडेअकराला पॅराग्वेची राजधानी आसुन्सिओन गाठायची. एका महिला प्रवाशाचं १६ मे २००६ चं तिकीट असं होतं. पहिलंच विमान जवळजवळ अडीच तास उशिरा उडालं आणि पॅरिसचं कनेक्शन हुकलं. एअर फ्रान्सने त्यांना पुढच्या विमानात जागा दिली, पण तोवर साओ पावलोहून पुढे जाणारं विमानही हातचं गेलं होतं. त्या आसुन्सिओनला पोहोचल्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला.

मग या बाईंना उशीर झाला किती? अडीच तास की अकरा?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर मिळायला जवळजवळ सात वर्षं लागली. खटला ब्रेमेनच्या न्यायालयातून जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेला आणि तिथून लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयात. विमान कंपनीचं म्हणणं होतं की ब्रेमेनचं विमान नियमात सांगितलेल्या मर्यादेइतकं उशिरा निघालंच नाही, तेव्हा भरपाईचा प्रश्न उरत नाही. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने सांगितलं की विमान किती उशिरा निघालं हे इथे पाहायचंच नाही. प्रवासी शेवटच्या मुक्कामी किती उशिरा पोहोचला, तेवढंच पाहायचं. म्हणजे अकरा तास. भरपाई ६०० युरो.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्याच पानावर थांबलो होतो. विमान कंपनीच्या नोंदवहीत ती तीन वेगवेगळी उड्डाणं असतात. तीन क्रमांक, तीन विमानं, तीन वेळा. न्यायालयाने ती नोंदवही बाजूला ठेवली आणि खिडकीशी बसलेल्या माणसाच्या जागेवरून प्रवास पाहिला. त्या माणसासाठी तो एकच प्रवास असतो.

या सगळ्यामागे युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम आहे. तो १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, त्यापुढे ३,५०० पर्यंत ४००, आणि त्याहून लांब प्रवासाला ६००. तिकीट कितीला घेतलं याच्याशी या रकमांचा संबंध नाही. आणि आता गंमत पाहा: उड्डाण रद्द झालं किंवा आरक्षण असून प्रवाशाला चढू दिलं नाही, तर ही रक्कम द्यावी असं नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. नुसत्या उशिरासाठी मात्र त्यात मुख्यतः जेवण, हॉटेल, फोन यांचीच सोय आहे. रोख भरपाईचा शब्दही नाही. ती आली एका निकालातून. टोरांटो ते फ्रँकफर्ट प्रवासात एक कुटुंब २५ तास उशिरा पोहोचलं, मेक्सिको सिटी ते व्हिएन्ना प्रवासात दोन प्रवासी २२ तास. १९ नोव्हेंबर २००९ रोजी न्यायालयाने विचारलं की उड्डाण रद्द झालेल्या प्रवाशाचा वेळ जातो आणि उशिरा पोहोचलेल्याचाही जातो, तर एकाला पैसे आणि दुसऱ्याला नुसतं सँडविच, असं का? तिथून तीन तासांची रेघ आली. शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर भरपाई.

पण रेघ आखली की ती नेमकी कुठून मोजायची हेही आलंच. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला निघालेलं जर्मनविंग्सचं एक विमान धावपट्टीवर टेकलं तेव्हा २ तास ५८ मिनिटं उशीर झाला होता. ते आपल्या जागी जाऊन उभं राहिलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं. दारं त्यानंतर थोड्या वेळाने उघडली. विमान पोहोचलं कधी मानायचं? चाकं टेकली तेव्हा, इंजिन बंद झालं तेव्हा, की दार उघडलं तेव्हा? २५० युरोंचा प्रश्न पुन्हा लक्झेंबर्गला गेला.

२०१४ साली आलेलं उत्तर: किमान एक दार उघडलं आणि प्रवाशांना उतरण्याची मुभा मिळाली, तो क्षण. त्यामागची कारणमीमांसा मला फार मोलाची वाटते. विमानात बसलेला माणूस एका बंदिस्त जागेत दुसऱ्याच्या हुकमाखाली असतो. त्याला आपली घरची, समाजातली, कामधंद्याची कुठलीच गोष्ट नेहमीसारखी करता येत नाही. दार उघडेपर्यंत त्याचा वेळ त्याचा नसतो. चाकं जमिनीला टेकली म्हणून त्यात काहीच बदलत नाही. नुकसानभरपाईच्या कोरड्या नियमातून न्यायाधीश माणसाच्या स्वातंत्र्यापर्यंत पोहोचले, तेही पाच मिनिटांच्या हिशोबावरून.

दर वेळी प्रवाशाच्याच मनासारखं होतं असं नाही. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला जाणाऱ्या काही प्रवाशांचं ब्रसेल्सचं कनेक्शन चुकलं आणि ते ३ तास ५० मिनिटं उशिरा पोहोचले. भरपाई मिळणार यात वाद नव्हता. पण किती? रोम ते ब्रसेल्स आणि ब्रसेल्स ते हॅम्बुर्ग यांची बेरीज होते १,६५६ किलोमीटर, म्हणजे ४०० युरो. पृथ्वीच्या गोलावर रोम ते हॅम्बुर्ग सर्वात जवळची रेषा काढली तर १,३२६ किलोमीटर, म्हणजे २५०. २०१७ साली न्यायालयाने सरळ रेषा धरली. वाटेत थांबा घेतल्याने प्रवाशाची गैरसोय वाढत नाही, असा त्याचा युक्तिवाद. प्रत्येकाचे दीडशे युरो गेले, पण तर्क तोच राहिला: प्रवास एकच आहे, त्याला आरंभ एक आणि शेवट एक.

आता कंपन्यांची हक्काची सबब: तांत्रिक बिघाड. नियम म्हणतो की असाधारण परिस्थिती असेल आणि सगळे योग्य उपाय करूनही ती टाळता येणार नसेल, तर भरपाई नाही. २८ जून २००५ रोजी तीन प्रवासी व्हिएन्नाहून रोममार्गे ब्रिंडिसीला निघाले होते. निघायच्या पाच मिनिटं आधी अलितालियाने उड्डाण रद्द झाल्याचं सांगितलं. त्यांना दुसऱ्या कंपनीच्या विमानाने रोमला पाठवलं, पण ते तिथे उतरले तेव्हा ब्रिंडिसीचं विमान सुटून वीस मिनिटं झाली होती. कारण होतं इंजिनाच्या टर्बाइनमधला बिघाड. त्यांनी मागितले २५० युरो आणि फोनच्या खर्चाचे १०. २२ डिसेंबर २००८ च्या निकालाने ठरलं की विमानं चालवणाऱ्याच्या वाट्याला बिघाड येणारच, तो त्याच्या धंद्याचा भाग आहे, त्याला असाधारण म्हणता येणार नाही. पुढे पक्षी धडकणं मात्र असाधारण ठरलं. आणि जुलै २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने वैमानिक आजारी पडणंही कंपनीच्या नेहमीच्या व्यवहारातच धरलं. तो दावा होता सुमारे २२० पौंडांचा, मिलान-लंडन प्रवासाबद्दल, आणि त्याची सुरुवात छोट्या दाव्यांच्या साध्या प्रक्रियेतच झाली होती.

मला या सगळ्यात सर्वात विलक्षण वाटते ती ही प्रक्रिया. इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा असा दावा सामान्य माणूस वकील न लावता, घरबसल्या अर्ज भरून दाखल करू शकतो, आणि हरला तरी समोरच्याच्या वकिलाची फी सहसा त्याच्या डोक्यावर पडत नाही. कंपनी दुसऱ्या सदस्य देशातली असेल तर युरोपीय संघात २००९ पासून वेगळी लेखी प्रक्रिया आहे. आज तिची मर्यादा ५,००० युरो आहे, आणि तिथेही वकील सक्तीचा नाही. दावा प्रवास सुरू झाला तिथे करायचा की संपला तिथे, हे प्रवाशाने ठरवायचं. इतकी छोटी दारं उघडी ठेवली म्हणूनच इतके मोठे प्रश्न न्यायालयापर्यंत आले. २५० युरोंसाठी हजार युरोंचा वकील करावा लागला असता, तर विमान केव्हा पोहोचतं हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

आपल्याकडच्या वाचकाला यात काय? फ्रँकफर्ट, पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमहून मुंबईला येणारा प्रवासी कुठल्याही कंपनीच्या विमानात बसलेला असो, हा नियम त्याला लागू होतो. मुंबईहून तिकडे जाताना मात्र विमान चालवणारी कंपनी युरोपीय असावी लागते. वाटेतलं कनेक्शन युरोपबाहेर चुकलं तरी बिघडत नाही. बर्लिनहून कासाब्लांकामार्गे अगादीरला जाणाऱ्या प्रवाशाच्या खटल्यात २०१८ मध्ये ते स्पष्ट झालं. अट एकच: सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असावा. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं घेतली, तर युरोपच्या कायद्यात ते दोन प्रवास.

भारतात उशिरासाठी अशी ठरावीक रक्कम नाही. आपण २००९ पासून मॉन्ट्रियल कराराचे सदस्य आहोत. त्या करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या उशिराने झालेलं नुकसान कंपनीने भरायचं असतं, पण ते नुकसान बिलांनिशी दाखवावं लागतं. मुंबईचं लघुवाद न्यायालय मुख्यतः भाडेकरू आणि मालकांच्या वादांत गुंतलेलं आहे. प्रवाशासाठी खरी जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. आणि इथे आपला कायदा एका बाबतीत युरोपच्याही पुढे गेलेला दिसतो. ११ जून २०१६ रोजी एका कुटुंबाची रेल्वेगाडी जम्मूला चार तास उशिरा पोहोचली आणि श्रीनगरचं विमान हुकलं. त्यांनी टॅक्सी केली. गाडीचं तिकीट वेगळं, विमानाचं वेगळं, विकणारेही वेगळे. तरी अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाने टॅक्सीचे १५,०००, बुकिंगच्या खर्चापोटी १०,००० आणि मनस्ताप व दाव्याच्या खर्चाचे प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. रेल्वे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि ६ सप्टेंबर २०२१ रोजी तिथेही हरली. उशिराचं कारण रेल्वेने सिद्ध केलं नव्हतं. प्रवाशाचा वेळ मौल्यवान आहे आणि कुणीतरी उत्तरदायी असलंच पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं. ते वाचून मला अभिमान वाटला.

जून २०२५ मध्ये युरोपीय देशांच्या परिवहन मंत्र्यांनी तीन तासांची रेघ चार तासांवर आणि लांबच्या प्रवासाला सहा तासांवर नेण्याच्या बाजूने कौल दिला. माझ्या मते हे पाऊल मागे घेणं आहे.

तुमचं कनेक्शन चुकलं, तर शेवटच्या मुक्कामी दार उघडलं ती वेळ लिहून ठेवा, जमल्यास फोटो काढा. सगळे बोर्डिंग पास जपा. उशिराचं कारण काउंटरवर तोंडी ऐकून न घेता कंपनीकडून लेखी मागा. जेवणाची, टॅक्सीची, हॉटेलची बिलं ठेवा, आणि व्हाउचर घेताना खालच्या बारीक अक्षरांत पुढचा हक्क सोडल्याचं लिहिलेलं नाही ना, ते वाचा. आधी कंपनीला पत्र किंवा ईमेल, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठल्याही खंडात असो. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, बाजू स्वतः मांडता येते, आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. मुदत दोन वर्षांची आहे. तिकीट पाच लाख रुपयांपर्यंतचं असेल, तर शुल्क एक रुपयाही नाही.