कवडशाचे गणित

जुलै महिन्यातली एक दुपार. भाईंदरमधल्या एका क्रीडागृहाच्या दारात आठ-दहा मुली रॅकेट घेऊन उभ्या होत्या. बाहेर पाऊस, मैदानात घोट्यापर्यंत चिखल. आत बॅडमिंटनची दोन कोर्टे मोकळी होती, पण राखणदार काका म्हणत होते, "दुपारचे दिवे लावायचे नाहीत असा हुकूम आहे. बिल परवडत नाही. संध्याकाळी या." संध्याकाळी तिथे मोठ्यांची गर्दी असते, हे त्या मुलींना ठाऊक होते. त्या मुकाट्याने परत फिरल्या.

मी आत डोकावून पाहिले. भर दुपारी बारा वाजता तिथे तिन्हीसांजेसारखा अंधार! बाहेर आकाशभर फुकटचा उजेड सांडलेला आणि आत विजेवाचून खेळ बंद. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. एवढ्या दाट वस्तीत मोकळी मैदाने थोडी, आणि पावसाळ्याचे चार महिने तीही निकामी. अशा वेळी क्रीडागृह दुपारी उघडे राहणे ही चैन नव्हे, गरज आहे. मग हा फुकटचा उजेड स्वस्तात आत कसा आणायचा? चला, हिशेब मांडू या.

खिडक्या का पुरत नाहीत?

तुम्ही म्हणाल, भिंतीला मोठ्या खिडक्या ठेवाव्यात. घरात ते चालते. पण खिडकीतून येणारा उपयोगी उजेड साधारणपणे खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंतच पोचतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून ३ मीटरवर असेल, तर उजेड ६ मीटर आत जाईल. आपले क्रीडागृह ३० मीटर लांब व २० मीटर रुंद आहे असे समजा. दोन्ही बाजूंच्या खिडक्या मिळून १२ मीटर उजळतील, आणि मधला ८ मीटरचा पट्टा अंधारातच राहील. शिवाय खेळाडूच्या डोळ्यांसमोर झगझगीत खिडकी आली की पांढरे फूल त्यात हरवून जाते.

म्हणजे उजेड वरूनच आणला पाहिजे. ही युक्ती आपल्या आजी-पणजींना ठाऊक होती. कौलारू घरातल्या काळोख्या माजघरावर किंवा चुलीवर एखादे काचेचे कौल बसवत. त्या एका कौलातून पडणाऱ्या कवडशात तांदूळ निवडता येत. मुंबईच्या कापडगिरण्यांची छपरे करवतीच्या दातांसारखी असत. प्रत्येक दाताची उभी बाजू उत्तरेकडे तोंड केलेली आणि काचेची. त्यातून थेट ऊन न येता आकाशाचा शांत उजेड मागावर पडे. ही पद्धत इंग्लंडातून आली. तिथे दुपारचा सूर्य नेहमीच दक्षिणेकडे असतो. आपल्याकडे मात्र एक गंमत आहे. मीरा-भाईंदर सुमारे १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो! तरीही गिरण्यांचे फारसे बिघडत नसे, कारण तेव्हा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो आणि त्यातला बराच काळ ढगांचा असतो.

उजेड मोजू या

एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो हे 'लक्स' या एककात मोजतात. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला की एक लक्स. स्वच्छ दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. पावसाळी ढगाळ दुपारीही बहुधा १०,००० ते २०,००० लक्स असतो. बॅडमिंटनच्या साध्या सरावाला सुमारे ३०० लक्स पुरतात. म्हणजे ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर गरजेच्या तीस-चाळीस पट उजेड असतो!

आता ६०० चौरस मीटरच्या छपरापैकी ५ टक्के, म्हणजे ३० चौरस मीटर भागावर दुधी प्लास्टिकचे पन्हाळी पत्रे बसवले आहेत असे धरा. असा पत्रा आलेल्या उजेडापैकी निम्मा आत सोडतो. आत आलेल्यातला काही भिंती व तुळया गिळून टाकतात. साधारण ६० टक्के जमिनीपर्यंत पोचतो असे समजू. बाहेर २०,००० लक्स असतील, तर आत

२०,००० × ०.०५ × ०.५ × ०.६ = ३०० लक्स.

नेमके हवे तेवढे! बाहेर काळे ढग दाटून ८,००० लक्सच उरले, तर आत १२० लक्स मिळतील. मग उरलेल्या १८० लक्सपुरते दिवे लावायचे. हा ८,०००चा आकडा मी उगीच घेतलेला नाही. आपल्या देशात इमारतींच्या नैसर्गिक प्रकाशयोजनेसाठी जे मानक आहे, त्यात बाहेरचा उजेड ८,००० लक्स धरूनच हिशेब करतात.

आता विजेचा हिशेब. ६०० चौरस मीटरवर ३०० लक्स म्हणजे १,८०,००० ल्युमेन. दिव्यांच्या प्रकाशापैकीही ६० टक्केच जमिनीवर पोचतो असे धरले, तर ३,००,००० ल्युमेनचे दिवे हवेत. एलईडी दिवा दर वॉटला सुमारे १०० ल्युमेन देतो. म्हणजे ३,००० वॉट. दिवसाचे सहा तास दिवे बंद ठेवता आले, तर रोज १८ युनिट वाचतील आणि महिन्याला ५४०. त्या मुलींची दुपार या ५४० युनिटांत अडकली होती.

मग अर्धे छप्परच पारदर्शक का नको?

कारण उजेडाबरोबर उष्णता येते. स्वच्छ दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊर्जा पडते. आपल्या ३० चौरस मीटर पत्र्यांतून तिच्यापैकी निम्मी आत आली, तर १५,००० वॉट झाले. १,००० वॉटच्या पंधरा इस्त्र्या एकदम तापत ठेवल्यासारखे! उजेडही १,५०० लक्स, म्हणजे गरजेच्या पाचपट. अर्धे छप्पर पारदर्शक केले तर दीडशे इस्त्र्या होतील. म्हणून नियम असा: छपराचा हिशेब पावसाळ्यावरून करावा, आणि उन्हाळ्यासाठी आतून ओढता येईल असा पांढरा पडदा ठेवावा.

प्रकाश नुसता भरपूर असून भागत नाही, याचा धडा अमेरिकेत मिळाला आहे. ह्यूस्टन शहरात १९६५ साली अ‍ॅस्ट्रोडोम नावाचे प्रचंड बंदिस्त क्रीडांगण उघडले. आत खरे गवत वाढावे म्हणून त्याच्या घुमटाला हजारो पारदर्शक तावदाने बसवली होती. पण तावदाने आणि लोखंडी सांगाडा यांच्या झगमगत्या जाळ्यात उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना! शेवटी तावदाने रंगवावी लागली. मग उजेड कमी पडून गवत मेले, आणि १९६६ साली तिथे कृत्रिम हिरवळ अंथरावी लागली. म्हणून पत्रा काचेसारखा नितळ नको, दुधी हवा. दुधी पत्रा किरणांना सर्व दिशांना विखुरतो. तो नेमका कोर्टाच्या डोक्यावर न बसवता दोन कोर्टांमधल्या मोकळ्या जागेवर बसवावा. दोन पट्ट्यांमधले अंतर छपराच्या उंचीच्या दीडपटीहून जास्त नसावे, नाहीतर जमिनीवर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. आतल्या भिंतींना मात्र फुलामागे गडद रंग लागतो. म्हणून पांढरा रंग छपराच्या आतल्या बाजूला द्यावा.

हे सगळे स्वस्त का? कारण हे प्लास्टिकचे पत्रे साध्या पत्र्याच्या पन्हाळीशी जुळणारेच मिळतात. भाईंदरच्या औद्योगिक वसाहतींत हिंडलात तर गाळ्यांच्या छपरांकडे नजर टाका. लोखंडी पत्र्यांच्या रांगेत अधूनमधून असा उजळ पत्रा दिसेल. सांगाडा बदलावा लागत नाही. एक पत्रा काढायचा, दुसरा बसवायचा.

पण दोन गोष्टी विसरू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी हलके प्लास्टिक काही वर्षांत पिवळे पडते, ठिसूळ होते आणि त्यावर धूळ बसते. दर पावसाळ्यापूर्वी ते धुतले नाही, तर आपले ३०० लक्स निम्म्यावर येतील. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. असा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. धुळीने माखला की तो शेजारच्या पत्र्यासारखाच दिसतो, आणि छपरावर चढलेला कामगार त्यातून थेट खाली कोसळतो. असे जीवघेणे अपघात जगभर होतात. म्हणून पत्र्याखाली मजबूत जाळी हवीच, आणि वर चढताना पायाखाली फळी. स्वस्ताईच्या नावाखाली जाळीचा खर्च वाचवणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर बचत करणे होय.

करून पाहा

बुटांचा एक खोका घ्या. झाकण साधारण ३० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद असेल. हे झाले आपल्या क्रीडागृहाचे शंभरपट लहान रूप! प्रकाशाची तरंगलांबी इतकी सूक्ष्म असते की त्याच्या दृष्टीने खोका आणि क्रीडागृह यांत फरक नाही. आकार, रंग आणि पारदर्शकता सारखी ठेवली, की बाहेरच्या उजेडाचा तितकाच हिस्सा खोक्यातही पोचतो. वास्तुशिल्पीसुद्धा अशाच प्रतिकृती करून पाहतात.

झाकणात ५ सेंटिमीटर × ६ सेंटिमीटरचे एकच भोक पाडा. बाजूला डोळ्यापुरते छिद्र ठेवून आत पाहा. मग दुसऱ्या तशाच झाकणात प्रत्येकी ५ चौरस सेंटिमीटरची सहा भोके सारख्या अंतरावर पाडा. एकूण क्षेत्रफळ तेवढेच, पण आतला उजेड कसा बदलतो? भोकांवर पतंगाचा पांढरा कागद चिकटवल्यावर काय होते? आतून काळा कागद लावला तर? निरीक्षणे वहीत नोंदवा.

मी हा खोका त्या राखणदार काकांना नेऊन दाखवला. त्यांनी छिद्राला डोळा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सर, गळणार नाही ना?" प्रश्न अगदी बरोबर होता. पत्र्यांचा जोड आणि स्क्रूखालची रबरी चकती नीट बसली नाही, तर सगळे गणित पाण्यात जाईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत छप्पर दुरुस्तीला काढणार आहेत असे ते म्हणाले. तोवर हिशेबाचा कागद त्यांनी कार्यालयातल्या फळ्यावर लावला आहे. तुमच्या गावातल्या क्रीडागृहाची लांबी-रुंदी मोजून असाच एक कागद तुम्हीही तयार करा.