जखम भरते, मनाचे काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अनगोळ येथील माझ्या दवाखान्यात एक तरुणी तोंडावर ओढणी घेऊन आली. दहा दिवसांपूर्वी मोठ्या शहरात तिच्या नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया झाली होती. जखम उत्तम भरत होती, ताप नव्हता. तरी तिचे डोळे वाहत होते. "डॉक्टर, आरशात दिसते ती मी नव्हेच," एवढेच ती म्हणाली. सोबतच्या आजींनी तिला सुनावले, "हौसेनं करून घेतलंस ना? मग आता रडतेस कशाला?" मीही "सगळे छान आहे" असे सांगून तिला वाटेला लावले. पुढे तिच्या आईकडून कळले, की ती तीन महिने घराबाहेर पडली नव्हती. त्या दिवशी मी फक्त नाक तपासले होते.

आपल्या शास्त्राची ही सवय जुनी आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेतील कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला टिपूच्या सैन्याने पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून वावरला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसवून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ही हकिकत छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली. रुग्णाने किती दिवस उताणे निजावे, नाकपुड्यांत मऊ कापडाची चिंधी केव्हा घालावी, हे सारे त्या हकिकतीत आहे. नव्या चेहऱ्याने कावसजी गावात कसा वावरला, याविषयी मात्र अवाक्षर नाही.

वास्तविक शस्त्रक्रियेनंतर मनाचीही एक ठराविक वाटचाल असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढत जाते आणि डोळ्यांभोवती काळेनिळे पडते. भूल, वेदना, वेदनाशामक गोळ्या, मोडलेली झोप आणि प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणे, यांचा भार मनावर पडतो. पट्टी निघते तेव्हा रुग्णाला इच्छित रूप दिसेल अशी आशा असते. दिसतो तो सुजलेला, अनोळखी चेहरा. "मी हे काय करून बसले?" हा प्रश्न येथेच उभा राहतो. नाकाची बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते. परंतु अंतिम आकार दिसण्यास सुमारे वर्ष लागते. व्रणाची लालीही कित्येक महिने टिकते. म्हणून दुसऱ्या आठवड्यातील आरशावरून निकाल देणे म्हणजे पेरणी झाल्याबरोबर पिकाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

अपघातात जखमी झालेल्याला सहानुभूती मिळते. स्वेच्छेने शस्त्रक्रिया करून घेतलेल्याला मात्र दुःख बोलून दाखवण्याचीही चोरी होते. घरच्यांनी एवढे जरी ओळखले तरी निम्मे औषध होते. रूपावर रोज अभिप्राय देऊ नये, "आज झोप लागली का?" असे विचारावे. रुग्णाने तासातासाला मोबाइलमध्ये चेहरा न पाहता आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात छायाचित्र काढावे. सुधारणा त्यात दिसते. सर्जनच्या परवानगीने थोडे चालावे, एका विश्वासू व्यक्तीशी मोकळेपणी बोलावे आणि वर्ष सरेपर्यंत दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

आपण डॉक्टरांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, प्रत्येक तक्रार मनाची समजू नये. ताप, पू, एकाएकी वाढलेली सूज, वाढती वेदना किंवा दृष्टीत बदल असल्यास तत्काळ सर्जनकडे पाठवावे. दुसरी, उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस उरला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. जीव नकोसा झाल्याचे बोलल्यास एक दिवसही थांबू नये. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध असून तेथे मराठी व कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते.

काहींचे असमाधान मात्र शस्त्रक्रियेआधीचे असते. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे, की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही काही रुग्णांना स्वतःत काहीच बदल जाणवत नसे. इतरांना न दिसणाऱ्या व्यंगाने दिवसभर पछाडणे हा एक मानसिक विकार आहे. त्यावर समुपदेशनात्मक उपचार व औषधे आहेत. सुरी सहसा उपयोगी पडत नाही. म्हणून आधीच विचारावे: ही इच्छा कोणाची? आत्ताच का? त्यानंतर आयुष्यात काय बदलेल असे वाटते?

आता असा रुग्ण आला की मी जखम पाहून झाल्यावर हातमोजे काढतो, खुर्ची जवळ ओढतो आणि विचारतो, "आरशात पाहिल्यावर काय वाटतं?" याला पाच मिनिटे लागतात. त्या मुलीला मी ती दिली नव्हती. आपणांपैकी कोणाकडून तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.