वहीत न लिहिलेले खाते

गेल्या दिवाळीतली गोष्ट. लाडवांसाठी येरवड्यातल्या एका किराणा दुकानातून आम्ही दोन किलो रवा आणला. पुडा फोडला, तो आत अळ्या! तसाच परत नेला. दुकानदारांनी मान वर न करता सुनावले, "नेताना पाहून न्यायचा होता." बंद पुड्याच्या आत पाहायचे कसे, हे मात्र सांगितले नाही. आमच्या सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. पण पुढल्या महिन्याची यादी चार दुकाने पलीकडे गेली, ती अजून तिकडेच जाते.

सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण रव्यासाठी तक्रार गुदरायला कोण जातो? गिऱ्हाईक भांडत नाही, ते नुसते यायचे थांबते.

पुणेरी दुकानदाराच्या तुटकपणावर पु. ल. देशपांडे यांनी आपल्याला पोटभर हसवले. तो तुटकपणा खपला, कारण माल चोख होता, माप खरे होते. आता कंपनीचा पुडा सर्वत्र तोच, त्यावर किंमतही छापलेली. शिवाय माल घरपोच येतो. एक ते चारच्या विश्रांतीसाठी प्रसिद्ध असलेल्या चितळे बंधूंनीही 2017 मध्ये दुपारी दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली. मग लहान दुकानदाराजवळ स्वतःचे असे उरले काय? त्याचे वागणे!

आमचे नवे दुकानदार काही गोडबोले नव्हेत. येरवड्यात बंगले आणि वस्त्या शेजारीशेजारी. दोन्हीकडची माणसे त्यांच्या फळीपुढे उभी असतात. एका संध्याकाळी कामावरून परतणारी एक बाई पाव किलो साखर मागत होती. मोटारीतून उतरलेल्या गृहस्थांनी मागूनच लांबलचक यादी पुढे केली. दुकानदार शांतपणे म्हणाले, "साहेब, ताई आधी आल्यात." साखर नीट तोलून दिली, मगच यादी हातात घेतली.

बोलणाऱ्याची मातीही विकते म्हणतात. खरे आहे, पण ती एकदाच विकते. पुन्हा पायरी चढायला लावते ते खरे माप आणि माणसाचा राखलेला मान.

लक्ष्मीपूजनाला दुकानोदुकानी वह्यांची पूजा होईल. त्या वह्यांत येणे असते, देणे असते. न बोलता निघून गेलेल्या गिऱ्हाइकाचे खाते मात्र कुठल्याच वहीत नसते. व्यापारी बंधूंनी ते यंदा मनाशी मांडून पाहावे.