गच्चीवरचा संसार किती उन्हाळे टिकतो?

मे महिन्यात मगरिबची अजान झाली की मोमिनपुऱ्यातल्या गच्च्या जाग्या होतात. आधी चार बादल्या पाणी ओतून स्लॅब निववायचा, वाफ जाऊ द्यायची, मग सतरंजी, बाज, खुर्च्या आणि सुरई वर न्यायची. आमच्या घरात माणसं नऊ आणि खोल्या तीन. अंगण नाही. त्यामुळे गच्ची हेच आमचं अंगण, हीच बैठक, आणि घरातल्या बायकांना मोकळी हवा मिळायची जागाही हीच.

२०१८ मध्ये रमजान मेच्या मध्यावर लागला. त्या वर्षी आम्ही हौसेने गच्ची सजवली. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर पॉलिकार्बोनेटचे पत्रे, पडद्यासाठी तिन्ही बाजूंनी हिरवी नेट, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. दादींचा जुना सागवानी तखत अडगळीतून वर चढवला, तो फक्त जागा भरायला. नवं सामान घेताना उसने पैसेही घ्यावे लागले होते. आज त्यातलं काय उरलं आहे, तर तखत.

आधी नागपूरचं हवामान समजून घेऊ, कारण दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो तेव्हा तो फक्त पावसाचं बोलत असतो. आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. मधल्या चार महिन्यांत हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी गारपीट. मे २०२४ मध्ये तर शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सगळीकडे बोंब झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. उघड्यावर मोजमापाचं यंत्र दमतं, तिथे आपल्या खुर्च्यांचं काय!

सगळ्यात आधी गेली नेट. दुसऱ्या उन्हाळ्यातच ती हातात चुरगळायला लागली. प्लास्टिकला पाणी मारत नाही, ऊन मारतं. उन्हातले अतिनील किरण त्याचे आतले दुवे तोडतात, मग ते आधी पांढुरकं पडतं आणि नंतर कडक होऊन तुटतं. म्हणून पाण्याची टाकी बहुधा काळी असते. त्या प्लास्टिकात मिसळलेली काजळी हे किरण स्वतःवर घेते. खुर्ची घेताना रंग पाहून भुलू नका. पांढुरकी पडलेली आणि पायाशी बारीक चिरा दिसणारी खुर्ची वयस्कर माणसाला देऊ नका. आमच्या अम्मी अशाच एका खुर्चीवरून पडल्या आणि तीन महिने मनगट घेऊन बसल्या.

पॉलिकार्बोनेटची गोष्ट वेगळी आहे. माल वाईट नव्हता, तो लावणारा घाईत होता. या पत्र्याच्या बहुधा एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो. ती बाजू वर ठेवायची असते आणि पत्र्यावरच्या फिल्मवर तसं छापलेलंही असतं. आमचे दोन पत्रे उलटे बसले. तेच आधी पिवळे पडले आणि गारपिटीत फुटले. शिवाय स्क्रू घट्ट आवळलेले. दहा फुटी लोखंडी पत्रा पन्नास अंशांच्या फरकाने जेमतेम दोन मिलिमीटर वाढतो, पॉलिकार्बोनेट जवळजवळ एक सेंटिमीटर. त्याला सरकायला जागा नसेल तर तो भोकापाशी चिरतो. भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं आणि वर रुंद रबरी वॉशर लावायचा, एवढंच काम होतं.

फुटलेल्या पत्र्यांच्या जागी आम्ही टिनाचा पत्रा टाकला. सांगाड्याचा एक पाइप वजूच्या नळाशेजारी होता. दिवसातून पाच वेळा त्याच्या पायाशी पाणी. वरून रंग चकचकीत, आतून पाइप पोकळ. वरचं तोंड उघडं असल्याने पावसाचं पाणीही आतच साचत होतं. खालची दोन बोटं जागा कधी गंजून गेली ते कळलंच नाही. सांगाडा हलायला लागला, पत्र्याचे बोल्ट सैल झाले. आम्ही काय केलं? वर चार विटा ठेवल्या. तुमच्याही गल्लीत अशा विटा दिसतील.

मागच्या मेअखेर संध्याकाळी वादळ आलं. पत्रा विटांसकट उडाला आणि शेजारच्या गच्चीवर पडला. तिथे त्यांची तीन मुलं रोज झोपतात. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे आले होते म्हणून मुलं खाली होती. शेजाऱ्यांनी पत्रा परत आणून दिला, एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आमच्या आपाचं सासर रत्नागिरीला. तिचा सल्ला होता, लोखंड नको, सगळं प्लास्टिकचं करा. तिकडे तो खरा आहे. समुद्राची खारी हवा पत्र्यावरचा जस्ताचा थर भराभर खाते. नागपुरात ते खारं वारं नाही, पायाशी पाणी साचू दिलं नाही तर लोखंड इथे चांगलं टिकतं. इथला वैरी ऊन आहे. एका गावाची रीत दुसऱ्या गावात पैसे बुडवते. तसंच कूलरचं. नवा कूलर आणला की टाकीला आतून डांबराचा हात द्यायचा आणि मोसम संपला की कोरडी करून ठेवायची, हे आपले अब्बा-काका करतच आले. आम्ही एक वर्ष आळस केला आणि तळ गेला.

आता तखताबद्दल. दादींच्या लग्नातला, म्हणजे साठ वर्षांच्या वरचा. सागाच्या लाकडात मुळातच तेल असतं, म्हणून वाळवी आणि पाणी त्याला लवकर लागत नाही. तो राखाडी पडला आहे, पण रंग गेला म्हणजे लाकूड गेलं असं नाही. त्याचं मर्म पायांत आहे. कापलेल्या टोकाकडून लाकूड पाणी ओढतं. दादी चारही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवत आणि मृगाआधी जवसाच्या तेलाचा बोळा फिरवत. आम्ही हे जुनाट समजत होतो.

रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. तो फिरून मेच्या मध्यावर यायला २०५० उजाडेल. घाई कसली, असं अब्बा म्हणतात. पण मुलं रोज झोपतात, म्हणून या वेळी आम्ही सजावट सोडून फक्त सांगाडा केला आहे. पाइपाची तोंडं वेल्डिंगने बंद केली, पाय स्लॅबपासून चार इंच वर सिमेंटच्या ठोकळ्यावर घेतले, वजूचा नळ दुसऱ्या कोपऱ्यात गेला. पत्रे सध्या खालीच आहेत. पुढच्या जुम्यानंतर वेल्डर येईल, तेव्हा तो भोकं पाडत असताना आमच्यापैकी एक जण शिडीवर त्याच्या शेजारी उभा राहणार आहे.