छपराखालचे खेळ आणि बालकांचा पोशाख

जून महिन्यात राज्याच्या बहुतेक भागांत शाळा उघडते व पाठोपाठ पाऊस सुरू होतो. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर तर सप्टेंबरपर्यंत शाळेचे अंगण ओलेच राहते. ह्या काळात बालवाडीतील, अंगणवाडीतील व पहिली-दुसरीच्या वर्गांतील मुलांचा खेळ छपराखाली आणणे भाग पडते. बस्करे गुंडाळून ठेवली जातात, खोलीच्या मध्यभागी जागा मोकळी केली जाते आणि फुगडी, झुकझुक गाडी, आंधळी कोशिंबीर, ठोकळ्यांची घरे असे खेळ सुरू होतात. कोणता खेळ घ्यावा ह्याचा विचार शिक्षक करतात; परंतु खेळणाऱ्या मुलाच्या अंगावर काय आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक मूल खेळात उतरेल की भिंतीशी बसून राहील, हे पुष्कळदा त्याच्या कपड्यांवरूनच ठरते.

वर्गात बारकाईने पाहिल्यास अशी तीन मुले हमखास आढळतात. एका मुलीच्या अंगावर नवा जरीचा झगा असतो. तो मळला तर घरी मार बसेल, ह्या भीतीने ती जमिनीवर बसत नाही. दुसरीचा फ्रॉक आखूड झालेला असतो; तो सारखा गुडघ्यांवर ओढून धरण्यात तिचे दोन्ही हात गुंतून पडतात. तिसऱ्या मुलाची चड्डी मागे विरलेली असते. म्हणून तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि बोलावले तरी पुढे येत नाही. अशा मुलांना ‘लाजाळू’ किंवा ‘मंद’ ठरविण्याची घाई करू नये. त्यांना खेळाचा कंटाळा नसतो. कपड्यांनी त्यांना अडविलेले असते.

बालशिक्षणाच्या इतिहासात पोशाखाचा विचार प्रारंभापासून झालेला आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी इटलीतील रोम शहरी, सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी ह्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. मुलांनी स्वच्छ अंगाने, स्वच्छ कपड्यांत व वरून घालावयाचा एक आवरणवजा झगा घेऊन यावे, असा तेथील नियम होता. न धुतलेल्या किंवा मळक्या कपड्यांतील मुलास काढून टाकण्याची तरतूदही त्या नियमांत होती. तारा‌बाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व पुढे अनुताई वाघ ह्यांच्या सहकार्याने ते कोसबाडच्या आदिवासी वस्तीत नेले. येथील परिस्थिती निराळी होती. अंगावर कपडा नाही व अंघोळ नाही म्हणून मूल परत पाठविले असते, तर बालवाडीत कोणीच उरले नसते. म्हणून शाळाच वस्तीच्या अंगणात गेली आणि मुलांची स्वच्छता हा शिक्षणाचाच एक भाग झाला. आजच्या ग्रामीण शिक्षकास ह्यापैकी दुसरा मार्गच अधिक जवळचा आहे.

आता प्रत्यक्ष पोशाखाकडे वळू. छपराखालच्या खेळासाठी सुती, मऊ व वापरून जुना झालेला कपडा सर्वांत चांगला. सुती कापड घाम शोषून घेते आणि वारंवार धुता येते. नायलॉन व पॉलिएस्टर ही कापडे घाम फारशी शोषीत नाहीत. शिवाय ज्वाळेशी संबंध आल्यास ती वितळून कातडीस चिकटतात. शाळेतच जेथे खिचडी शिजते, तेथे ही गोष्ट विसरून चालणार नाही. कपडा अंगास तंग नसावा व पायांत घोटाळण्याइतका लांबही नसावा. मुलाने दोन्ही हात वर करावेत, उकिडवे बसावे आणि एक पाय बाकावर ठेवावा; ह्या तिन्ही हालचाली न अडता झाल्या, तर कपडा खेळास योग्य समजावा. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून दोन बोटे मोठा घेतलेला लेंगा पायाशी दुमडून दोन टाके घातल्यास मूल त्यात अडखळून पडत नाही.

मुलींच्या बाबतीत विशेष लक्ष द्यावे. झग्याखाली गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी किंवा लेंगा असला, म्हणजे मुलगी निःसंकोचपणे उडी मारते, दोरीच्या शिडीवर चढते व लोळणही घेते. ‘नीट बस’ ही सूचना दिवसातून दहा वेळा ऐकणारी मुलगी हळूहळू खेळातून बाजूला होते. तिला बजावत राहण्यापेक्षा तिच्या आईस एका चड्डीची गरज समजावून सांगणे अधिक फलदायी ठरते.

सर्वांत मोठा धोका गळ्याभोवतालच्या वस्तूंचा होय. टोपीच्या किंवा कुंचीच्या नाड्या, मफलर, ओढणी, ताइताचा जाड दोरा, गळ्यात अडकविलेली किल्ली वा ओळखपत्राची फीत ह्यांपैकी काहीही खिळ्यात, खिडकीच्या गजात किंवा घसरगुंडीच्या वरच्या फटीत अडकले, तर मुलाच्या शरीराच्या भारानेच गळ्यास फास बसतो. असे अपघात घडल्यामुळे अमेरिकेत १९९६ साली मुलांच्या कपड्यांतील ओढनाड्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढण्यात आल्या. युरोपातील मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांस टोपीपाशी व गळ्यापाशी नाडी ठेवता येत नाही. आपल्याकडे उपाय सोपा आहे. नाडी काढून तेथे बटण लावावे. मफलर व ओढणी खेळापूर्वी खुंटीस टांगावी. ताईत श्रद्धेने बांधलेला असतो, म्हणून तो तोडू नये. आईच्या संमतीने गळ्याऐवजी दंडावर बांधून घ्यावा. झुकझुक गाडीच्या खेळात मागच्या मुलाने पुढच्याची कॉलर न धरता खांद्यांवर हात ठेवावेत. आंधळ्या कोशिंबिरीचा रुमाल ओढताच सुटेल असा सैल बांधावा.

तुटलेल्या बटणाच्या जागी लावलेली सेफ्टी पिन उघडल्यास स्वतःस व शेजाऱ्यासही टोचते. काचेच्या बांगड्या फुगडीत फुटतात. लोंबते डूल दुसऱ्याच्या बोटात अडकून कानाची पाळी फाटते. सुटलेले बटण किंवा मणी लहान मूल तोंडात घालते व तो श्वासनलिकेत अडकू शकतो. म्हणून वर्गाच्या कपाटात सुई-दोरा व चार बटणे नेहमी असावीत. टाका घालण्यास दोन मिनिटे पुरतात.

पायांसंबंधी एक नियम ध्यानात ठेवावा. गुळगुळीत शहाबादी फरशीवर नुसते पायमोजे घालून धावणारे मूल घसरते. अनवाणी पायाची पकड अधिक चांगली असते. शहरांतील पैसे भरून प्रवेश मिळणाऱ्या बंदिस्त क्रीडाकेंद्रांत मुलांना तळव्यास रबराचे ठिपके असलेले मोजे घालावयास लावतात, ते ह्याच कारणाने. शाळेची सहल तेथे जाणार असल्यास पालकांना ते आधी सांगावे. गावच्या वर्गात मात्र फरशी झाडून, खडे व खिळे वेचून, चपला दाराबाहेर ठेवून अनवाणी खेळणेच उत्तम. थंडीत फरशी गार लागत असेल, तर तिच्यावर सतरंजी अंथरावी. पण तिचे कोपरे दुमडलेले राहू देऊ नयेत.

पावसात भिजून आलेल्या मुलास तसेच खेळावयास लावू नये. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे ओल्या कपड्यांत ते मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते. गावातून गोळा केलेले जुने, स्वच्छ धुतलेले सदरे व चड्ड्या एका पेटीत ठेवाव्यात आणि ओल्या कपड्यांसाठी व्हरांड्यात दोरी बांधावी. हीच पेटी फाटक्या कपड्यांच्या मुलासही उपयोगी पडते. कपडा देताना तो आडोशास द्यावा. सर्वांदेखत देऊ नये.

ज्या कपड्याची नाडी मुलास स्वतः सोडता येत नाही, तो शाळेत गैरसोयीचा ठरतो. खेळाच्या रंगात लघवीची घाई होते, गाठ सुटत नाही आणि चड्डी ओली होते. इतर मुले हसतात व ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेस येत नाही. अशा एका गाठीने शाळा सुटल्याची उदाहरणे खेड्यांत दुर्मिळ नाहीत. यास्तव कमरेस सैलसर इलॅस्टिक असावे व बटणे मोठी आणि पुढच्या बाजूस असावीत. बटण, हुक व गाठ ह्यांचा सराव व्हावा म्हणून माँटेसरी पद्धतीत कापड लावलेल्या लाकडी चौकटी वापरतात. जुन्या सदऱ्याचा पुढचा भाग पुठ्ठ्यावर ताणून तशी चौकट शिक्षकास फुकटात करता येते.

ह्या सर्व सूचना पालकांना जूनमधील पहिल्याच सभेत, शक्य तर कपडे प्रत्यक्ष दाखवून, सांगाव्यात. नवे कपडे विकत घ्या असे सांगू नये. घरात आहेत त्यांतले जुने व मऊ कपडे खेळाच्या दिवशी घाला आणि ते मळल्यास मुलावर रागावू नका, एवढेच सांगावे. गणवेश उशिरा मिळाला किंवा फाटला म्हणून कोणत्याही मुलास खेळाबाहेर बसवू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. कपड्यांवरून चारचौघांत हिणवणे हा मानसिक छळच होय. खेळ सुरू करण्यापूर्वी शिक्षकाने वर्गावरून एकवार नजर फिरवावी, गळ्यातील दोरे, उघड्या पिना व ओले सदरे पाहावेत आणि भिंतीशी कोण उभे आहे हेही पाहावे. त्या मुलाच्या कपड्यास दोन टाके घातले, तर ते खेळात उतरेल.